दीपगृहाचा दुसरा भाग

ती. मामांस,

वाकून नमस्कार. (प्रत्यक्षात मनातल्या मनात वाकलो आहे. हे पत्र मी बाल्कनीत बसून लिहीत आहे आणि इथे वाकले की डोके कुंडीवर आपटते. बाल्कनीत का, ते पुढे येईलच.) तुमचा गुडघा आता काय म्हणतो? जिना चढताना डावा पाय आधी टाकता ना? मामींचा खोकला गेला असेलच. गेला नसेल तर मधाच्या बाटल्या संपवण्यापेक्षा एकदा डॉक्टरांकडे जावे. मामी ऐकणार नाहीत हे मला माहीत आहे, पण मी सांगितले होते एवढे लक्षात असू द्या. इकडे सर्व ठीक आहे असे लिहिण्याची पद्धत आहे म्हणून तसे लिहितो. ते खरे नाही.

पत्र लांबणार आहे. तुम्ही मला लहानपणापासून ‘अल्पविराम’ म्हणता, कारण मी कुठे थांबतो असे वाटते तिथे थांबत नाही, आणि त्यात सुधारणा झालेली नाही. पण या खेपेस प्रत्येक गोष्ट क्रमाने सांगणे भाग आहे, कारण सगळा घोटाळाच क्रमाचा आहे.

भाऊजी बोटीवर गेले की घरात आम्ही तिघे उरतो: ताई, भिंगरी आणि मी. ताईची हॉस्पिटलातली ड्यूटी कधी सकाळची, कधी दुपारची. मी संध्याकाळपर्यंत बाइंडिंगच्या कारखान्यात. मधल्या वेळी शेजारच्या काकू येऊन-जाऊन असतात, पण भिंगरीला खऱ्या अर्थाने धरून ठेवणारे एकच माणूस घरात आहे, ते म्हणजे टीव्ही. पोरगी सात वर्षांची आहे आणि टोपणनाव ज्याने ठेवले त्याने ते डोळे उघडे ठेवून ठेवले आहे. कार्टून लावले तरच ती एका जागी बसते. तेव्हा मात्र अशी बसते, की काकू मधूनमधून नाकासमोर बोट धरून श्वास चालू आहे ना, ते बघतात.

तर गेल्या महिन्यात ताईच्या सासूबाईंचा फोन आला. तुम्ही त्यांना लग्नात पाहिले आहे. जेवणाच्या पंक्तीत ज्यांनी मुलांना उंचीप्रमाणे बसवले, त्या. चाळीस वर्षे शाळेत, त्यातली बरीच मुख्याध्यापिका म्हणून. त्यांना सगळे ‘मोठ्या बाई’ म्हणतात. भाऊजीही म्हणतात. (भाऊजी त्यांच्याच शाळेत होते. शाळेत आई म्हणायचे नाही, असा नियम होता. पुढे शाळा सुटली, नियम सुटला नाही.) ताई आंघोळीला गेली होती, मी दाढी करत होतो. भिंगरीने फोन घेतला, आणि नुकत्याच पाहिलेल्या कार्टूनमधल्या राक्षसाच्या आवाजात म्हणाली, “मूर्ख मानवा! तुझी घटका भरली आहे!” आणि फोन ठेवून दिला.

फोन पुन्हा वाजला. या वेळी ताईने ओल्या हातांनी घेतला. मोठ्या बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरे झाले असते. त्या एवढेच म्हणाल्या, की मी येते आहे, आणि परत जाताना मुलीला घेऊन जाईन. आमच्या शाळेत तिचे नाव घालू. इथे तिला टीव्ही वाढवतो आहे.

मामा, अशा वेळी माणसाने गप्प बसावे. ताई गप्प बसली नाही. ती म्हणाली, “अहो बाई, ते वाक्य अभिजात साहित्यातलं आहे! भिंगरी कार्टून बघते ती फक्त अभिजात साहित्यावरची.” मग मोठ्या बाई म्हणाल्या, “असं? मग मी आल्यावर मलाही दाखवा. आपण सगळे मिळून बघू.”

ताई फोन ठेवून खुर्चीत बसली. साबणाचा फेस कानावर तसाच. मी विचारले, “अगं, अभिजात म्हणजे काय ते तरी माहीत आहे का तुला?” तर माझ्यावरच उखडली. “पुस्तकं तू बांधतोस ना? मग शोध तू!” म्हणजे शिंप्याने कोट शिवायचा आणि नवरदेवही त्यानेच शोधून आणायचा. मी नववीत शाळा सोडली आहे. माझ्या हाताखालून थोर थोर ग्रंथ गेले हे खरे, पण दळणारा काही पिठावर जेवत नाही. एका पानाची शेवटची ओळ आणि पुढच्या पानाची पहिली ओळ जुळते की नाही, एवढेच मी पाहतो. माझे सगळे ज्ञान पानांच्या कडेचे. मधल्या मजकुराशी माझा संबंध नाही.

पण मग स्वयंपाकघरात नळ बराच वेळ वाहत राहिला. ताईला रडायचे असले की ती नळ सोडते, हे तुम्हालाही माहीत आहे. आणि भिंगरी टेबलाखालून म्हणाली, “मामा, मला तिकडे नेलं, तर बाबा परत आल्यावर मला शोधणार कुठे?” त्यावर मी चष्मा पुसला आणि शोधायला बाहेर पडलो.

आधी फोनवर शोधले. ‘अभिजात साहित्यावर आधारित लहान मुलांचे चित्रपट’ असे ऱ्हस्वदीर्घासकट बिनचूक लिहिले. फोनने मला लहान मुलांचे बूट दाखवले. पुन्हा लिहिले, तेव्हा एका जुन्या महाकाव्याचा तुकडा मिळाला. त्यात म्हातारा राजा मरणशय्येवर “पुत्रा, जवळ ये” एवढे म्हणतो, आणि मग केसांच्या तेलाची जाहिरात लागते. जाहिरात संपेपर्यंत राजा गेलेला असतो. शिवाय आमचा टीव्ही जुना आहे, त्याचे आणि फोनचे बोलणे नाही. घरात चालते ती फक्त तुम्ही ताईच्या लग्नात दिलेली डिस्क लावायची पेटी. म्हणून बाजारातल्या दुकानात गेलो. मी म्हटले, “अभिजात साहित्यावरचं कार्टून आहे का?” दुकानदार म्हणाला, “अभिजात? हीरो कोण आहे त्यात?” मी म्हटले, हीरो नाही, जुने, थोर, गंभीर असे काहीतरी. त्याने गल्ल्याखालून किल्ल्याचे चित्र असलेली एक डिस्क काढून दिली आणि म्हणाला, याच्याइतकं गंभीर माझ्याकडे दुसरं काही नाही.

घरी येऊन लावली. (मोठ्या बाईंच्या आधी प्रत्येक डिस्क मी स्वतः तपासायची, असे ठरवले होते.) पडद्यावर तंग चड्डी घातलेला एक माणूस आला आणि म्हणाला, “आता डावा पाय वर.” थोर साहित्याची प्रस्तावना लांब असते हे मला कारखान्यातल्या अनुभवाने ठाऊक आहे, म्हणून मी धीर धरला. भिंगरी सगळे व्यायाम करत होती. माणसाने पोट आत घेतले, बाहेर सोडले, पुन्हा आत घेतले. कथा सुरू होण्याचे काही चिन्ह दिसेना. शेवटी तो घाम पुसत “उद्या पुन्हा भेटू” म्हणाला, तेव्हा माझ्या लक्षात आले की हीच कथा.

दुसरी डिस्क त्याने बदलून दिली ती खरोखरच एका जुन्या शोकांतिकेवरची निघाली. आंधळा प्रधान, फितूर भाऊ, सगळे जागच्या जागी. तेच नाटक मोठ्या बाईंनी एकदा शाळेत बसवले होते, आणि पाहायला आलेले पालक रडत घरी गेले होते, असे भाऊजी सांगतात. पण या डिस्कमध्ये राजवाड्याचा आचारी बेडूक होता, दर दहा मिनिटांनी तो गात होता, आणि शेवटी सगळी प्रेते उठून त्याच्याबरोबर नाचली. भिंगरीने टाळ्या वाजवल्या. मी डिस्क कपाटामागे टाकली. मोठ्या बाईंपुढे ही लावणे म्हणजे आपण होऊन भिंगरीची बॅग भरून देणे.

आणि मग, मामा, मला तुमचे खोके आठवले. डिस्क भाड्याने देण्याचे दुकान बंद करताना उरलेला माल तुम्ही ताईला दिला होता. ते खोके आमच्याकडे न्हाणीघरात आहे. त्यावर उभी राहून भिंगरी दात घासते. उघडले, आणि तळाशी सापडली ‘दीपगृहाचा राखणदार’ची डिस्क!

तुम्हाला सांगतो, मी ओल्या फरशीवर मटकन बसलो. जगातल्या सगळ्या थोर ग्रंथांपैकी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मी वाचलेला हा एकच. आमच्या कारखान्यात त्याची आवृत्ती बांधायला आली होती. कटिंगला एका प्रतीच्या पानांचे आकडे कापले गेले, म्हणून ती वाया गेली. मालकांनी ती मला दिली. मी ती उशाशी ठेवून वाचली. काय ग्रंथ आहे! दीपगृहाच्या राखणदाराची मुलगी आजारी बापासाठी औषध आणायला वादळात होडी घेऊन निघते आणि बुडते. बाप वाट पाहून पाहून मरतो. आणि त्यानंतर, मामा, शेवटच्या पानांत तो मेलेला राखणदार उठून दिवा लावतो, आणि बुडालेली मुलगी ओले बूट हातात घेऊन जिना चढून वर येते. बाप म्हणतो, “आलीस? उशीर केलास.” संपले. मी चार दिवस कुणाशी बोललो नाही. मधे काही ठिकाणी वाक्ये अर्धवट तुटत होती, पण मोठे लेखक असे करतात असे ऐकून होतो.

ही डिस्क तपासायची राहिली. मोठ्या बाई ठरल्या दिवसाच्या आदल्या दिवशीच आल्या. (न सांगता वर्गावर जाण्याची सवय.) एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात आणखी एक बॅग, रिकामी. ती दाराशी ठेवली. कुणासाठी, ते कुणी विचारले नाही, पण ताईने आणलेल्या कपांत बशीतला चहा कपातल्यापेक्षा जास्त होता. चहा पिऊन झाल्यावर मोठ्या बाई म्हणाल्या, “हं. दाखवा तुमचं अभिजात साहित्य.”

खोली तुम्हाला माहीत आहे. मोठ्या बाई कोचावर, म्हणजे माझ्या झोपायच्या जागेवर, ताठ. मांडीवर फोन, कारण भाऊजींचा बोटीवरून फोन कधी येईल याचा नेम नसतो. त्यांच्या शेजारी भिंगरी, आवाज न करता. दारात गणवेशातली ताई, ड्यूटीला निघायला उशीर होत असलेली, एक चप्पल पायात आणि एक हातात. आणि मी पेटीजवळ उकिडवा. डिस्क आत गेली, पेटी खोकल्यासारखी वाजली (ती नेहमीच वाजते), आणि समुद्र दिसला.

पहिल्या दृश्यातच डोक्यावर टोपी घातलेला एक समुद्रपक्षी कठड्यावर येऊन बसला आणि बोलू लागला. मोठ्या बाई म्हणाल्या, “हा कोण?” मी म्हटले, पक्षी आहे. “ते दिसतंय. पुस्तकात पक्षी नाही.” ताईच्या हातातली चप्पल खाली पडली. मी काही बोलणार तोच राखणदाराने दिवा लावला, आणि मुलगी, अगदी लहान, शाळेतून होडीने येऊन ओले बूट हातात घेऊन जिना चढू लागली.

आणि इथे, मामा, माझा तोल गेला. मी उभा राहून ओरडलो, “अरे, हा शेवट आहे! यांनी शेवटच आधी दाखवून टाकला!”

मोठ्या बाईंनी मान हळूहळू वळवली. “शेवट? हे पहिलं प्रकरण आहे.”

“नाही बाई. आधी दोघं मरतात. मग हे.”

“मेल्यावर?”

“मेल्यावर. म्हणून तर अभिजात!”

तुम्ही म्हणाल, गप्प बसायचे. पण एवढा एकच ग्रंथ मी वाचलेला, आणि त्याचे वाटोळे होताना पाहवेना. मी कपाटातून माझी प्रत आणून त्यांच्या हातात दिली. त्यांनी नावाचे पान पाहिले, मग मधे उघडली, मग शेवटी, मग पुन्हा मधे. चष्मा वर करून शिवणीकडे पाहिले. “कुणी बांधलं हे?” मी म्हटले, आम्हीच. त्यावर त्या जे बोलल्या ते तुम्हाला जसेच्या तसे सांगतो: “ही कादंबरी मी आयुष्यभर शिकवली. मेलेल्या माणसाला दिवा लावताना पाहण्याचं भाग्य मला कुणी दिलं नव्हतं.” तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. (फर्मा म्हणजे एकत्र घडी घातलेल्या सोळा पानांचा जुडगा, हे मी तुम्हाला पूर्वी सांगितले आहे.) पानांचे आकडे उडालेले, त्यामुळे कुणीतरी पहिला फर्मा शेवटी लावला होता आणि मधलेही एकदोन इकडचे तिकडे केले होते. नावाचे पान वेगळे चिकटवतात, ते तेवढे जागेवर होते. अर्धवट वाक्यांचे रहस्यही उलगडले. मी ज्याला साहित्य समजून चार दिवस मौन पाळले, ती आमच्या कारखान्याची चूक होती.

ताईने कपाळावर हात मारला. मला वाटले, संपले. ज्या घरात मामा असा, तिथे मुलगी ठेवणार कोण? एवढ्यात भिंगरी खेकसली, “गप्प बसा ना सगळे! ती होडीत एकटी आहे!”

आम्ही पडद्याकडे पाहिले. वादळ सुरू झाले होते. मुलगी होडीत, औषधाची बाटली छातीशी. दिवा दूर, अंधुक. भिंगरीने मोठ्या बाईंचा हात दोन्ही हातांनी धरला होता. तो कधी धरला, कुणी पाहिले नाही. लाट आली. होडी दिसेनाशी झाली. “आजी, तू हे पुस्तक शिकवलंस ना? ती परत येते ना?”

मामा, मोठ्या बाई खोटे बोलत नाहीत. भाऊजी परीक्षेत नापास झाले तेव्हा सगळ्या वर्गापुढे त्यांनी ते वाचून दाखवले होते. पुस्तकात काय होते ते त्यांना माहीत, मला माहीत. त्यांनी मांडीवरचा फोन उलटा करून ठेवला. तोंड उघडले. आणि तेवढ्यात पडद्यावर तो टोपीवाला पक्षी, जो पुस्तकात नाही, दिव्यासमोरून झेपावला आणि सरळ धुक्यात घुसला, होडीच्या दिशेने. आणि अक्षरे आली: ‘भाग पहिला समाप्त.’

मोठ्या बाई म्हणाल्या, “पुढचा लावा.” मी म्हटले, “पुढचा नाही.” डिस्कच्या वेष्टनावर ‘भाग १’ असे ठळक छापलेले होते, पण त्यावर बरोबर तुमच्या दुकानाची ‘वेळेवर परत करा’ ही चिठ्ठी चिकटवलेली होती. (राग मानू नका, मामा, पण चिकटवण्याआधी खाली काय आहे ते पाहायला हवे होते.) भिंगरीने पुन्हा विचारले, “आजी, सांग ना.” मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. म्हणाल्या, “पुस्तकात हा पक्षी नाही. त्यामुळे मला माहीत नाही.”

‘मला माहीत नाही.’ हे भाऊजींना कळवले तर ते बोटीवरून उडी मारतील.

त्या दिवसापासून घरात सगळे दुसऱ्या भागाची वाट पाहत आहेत. रिकामी बॅग दाराशी तशीच आहे. शाळेचा विषय त्यांनी काढला नाही आणि मिटवलाही नाही. ताईने एकदा धीर करून विचारले, तर म्हणाल्या, “दुसरा भाग बघू, मग बोलू.” भिंगरी रोज खिडकीत उभी राहून समुद्र नसलेल्या रस्त्याकडे बघते. मोठ्या बाई कोचावरून हललेल्या नाहीत, म्हणून मी बाल्कनीत. आणि रोज सकाळी, जणू सहज, पेपरामागून विचारतात, “त्या तुमच्या मामांना लिहिलंत का?” तेव्हा, मामा, तुमच्या माळ्यावर किंवा गोदामात ‘दीपगृहाचा राखणदार, भाग दुसरा’ असेल तर कृपा करून उलट टपाली पाठवा. गुडघ्यामुळे तुम्ही माळ्यावर चढू नका. दुसऱ्या कुणाला चढवा.

मामींना नमस्कार. लहानांना आशीर्वाद लिहिण्याएवढा मी मोठा नाही, तरी द्यावे.

तुमचा,
अल्पविराम

ता. क. डिस्क पाठवताना दोन पुठ्ठ्यांच्या मधे ठेवावी आणि पुठ्ठ्यांना दोऱ्याने बांधावे. चिकटपट्टी नको. आणि वर कोणतीही चिठ्ठी चिकटवू नये.

ता. क. २ (पान उलटून मागे लिहीत आहे) मामा, वरचे सगळे विसरा. मी रात्रभर विचार केला. दुसरा भाग पाहिला की त्या निर्णय घेणार. नाही पाहिला तर घेणार नाहीत. तेव्हा डिस्क सापडली तरी पाठवू नका. हरवली म्हणून लिहा. उंदरांनी खाल्ली, पुरात गेली, तुम्हाला सुचेल ते. भाऊजी बोटीवरून येईपर्यंत तरी ती सापडता कामा नये. हे कुणाला कळू देऊ नका. पत्र शुद्धलेखन तपासायला मोठ्या बाईंकडे द्यायचे आहे, पण त्या फक्त पुढची पाने पाहतील.

ता. क. ३ (वेगळ्या अक्षरात)

स. न. वि. वि.

पत्र तपासले. शुद्धलेखन निर्दोष. पाल्हाळ फार. दहापैकी सहा.

उत्तरपत्रिकेच्या पाठच्या बाजूला काय लिहिलेले असते, हे मी आयुष्यभर पाहत आले आहे, हे आपल्या भाच्याला कुणी सांगितलेले दिसत नाही.

भिंगरीचे नाव आमच्या शाळेत घालणार नाही. बोट परत येईल तेव्हा मूल जिथे सोडले होते तिथेच सापडले पाहिजे. रिकाम्या बॅगेत माझे उन्हाळ्याचे कपडे मागवून ठेवणार आहे. कोच सोडणार नाही. भाच्यासाठी एक जाड पांघरूण पाठवावे.

दुसरा भाग सापडल्यास आधी आपण स्वतः पाहावा. मुलगी परत येत असेल तर पाठवावा. येत नसेल तर हरवला असे कळवावे. उंदीर नकोत, पूर चालेल.

तोवर भिंगरीला मी आपल्या भाच्याची प्रत वाचून दाखवीत आहे. त्या प्रतीत मुलगी मधेच बुडते, पण शेवटी दिवा लागतो आणि ती ओले बूट हातात घेऊन जिना चढून वर येते. फर्मे नीट लावून प्रत पुन्हा बांधून देतो, असे तो काल म्हणाला. मी ती त्याच्या हाती लागू दिलेली नाही.